हात थांबतो तेवढा वेळ

मी वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यातला एक कटर बोलतोय. हॉलंडमध्ये ध्वनीचं शिक्षण घेऊन गावी परतलेली इथलीच नाझमीन आमच्याकडे आली, तेव्हा तिला वाटलं होतं की कारखाना म्हणजे लोखंडाचा गडगडाट. त्यातून आपण नवं संगीत घडवू. सापडलो आम्ही. पत्र्याच्या शेडमध्ये हातापायांनी चालणारे सोळा कटर, सोळा बायका आणि त्यांच्या न संपणाऱ्या गप्पा.

माझा जन्म कुडाळच्या वर्कशॉपमधला. दोन पाती, एक दांडा, खाली पेडल. पाय दाबला की पाती काजूच्या बीला चावतात, दांडा उचलला की टरफल उकलतं. खट्, कर्र. एवढीच माझी भाषा.

एकोणीस वर्षं सुभद्राबाई माझ्यापुढे बसतायत. टरफलाच्या तेलाने कातडी जळते, म्हणून आधी हाताला एरंडेल चोळतात. माणसांचं एक मी पाहिलंय, हात कामात गुंतले की ती खरं बोलतात. माझ्यासमोर दोन सोयरिकी जुळल्या आणि एक जुनं भांडण मिटलं.

येत्या सोमवारी मालक सत्यवानशेठ आपोआप चालणारं यंत्र आणतायत. बायका गर निवडायच्या टेबलावर जातील, आम्ही टेम्पोत भरून भंगारात. हा आवाज पुन्हा कोणालाच ऐकायला मिळणार नाही, म्हणून नाझमीनची धडपड. दहा दिवस तिने बायकांना गप्प बसवलं, माझ्या पेडलला माइक चिकटवला आणि त्यातून सहा मिनिटांची रचना केली. हॉलंडच्या एका महोत्सवाने तिला दोनदा नाकारलं होतं. या वेळी नमुना ऐकून निवडलं. पूर्ण रचना शुक्रवारी दुपारपर्यंत पोचायला हवी होती.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तिने ती बायकांना ऐकवली. खटके झरझर पडत होते, मागे बॉयलरची घरघर. सुबक होतं सगळं. फक्त त्यात मी कुठला, ते मला ओळखू येईना.

"सुभद्रा, एस्टी चुकतली काय गो?" शेजारच्या कटरवरची भक्ती म्हणाली. "इतक्या पळतंस खंय?"

बायका हसल्या. सुभद्राबाई हसल्या नाहीत.

"नाझमीन, ह्यो माझोच कटर मां?"

"तुझोच, काकी. मधली रिकामी जागा तेवढी काढलंय. थंय काय आवाजच नव्हतो."

सुभद्राबाईंनी टोपलीतून एक बी घेतली, पात्यांमध्ये धरली. पाय दाबण्याआधी अंगठ्याने ती किंचित फिरवली, टरफलाची शिवण पात्याच्या रेषेत आणली. मग खट्. अख्खा गर त्यांनी नाझमीनच्या तळहातावर ठेवला.

"बी फिरवतंय तेव्हा आवाज नसता. पण गर थंयच वाचता. तू काढलंस ता माझा काम. उरला ता लोखंडाचा."

नाझमीन सुट्टी संपेपर्यंत गर हातात घेऊन बसून राहिली.

मला भंगाराचं फारसं दुःख नाही. लोखंड वितळतं, दुसरं काही होतं. तुमच्याकडे मागणं एकच आहे. यंत्र वाजतं तेवढंच काम, असं धरून चालू नका. माझ्या प्रत्येक खटक्याआधी एक हात थांबलेला असे, हे कोणीतरी लक्षात ठेवा.

शुक्रवारी सकाळी बॉयलर पेटायच्या आधीच नाझमीन आली. रात्रभर जागून डोळे सुजलेले होते. सुभद्राबाई एरंडेल चोळत होत्या.

"काकी, काढलेला सगळा परत घातलंय. आता नऊ मिनिटां झाली."

"बरा झाला."

"तेंका सहाच व्हयी."

सुभद्राबाईंचे हात थांबले. "मगे गो?"

"मगे तेंका पाठवचंय नाय," नाझमीन म्हणाली. "सोमवारी टेम्पो येवच्या आधी हयच लावतलंय."