कुवाबारा मालकांचं वाडगं

तिलकला कावासाकीत येऊन बरेच महिने झाले, तरी काम मिळेना. कारण त्याचा आवाज. आमच्या गोरखाकडची मुलं मोठ्यांसमोर मान खाली घालून पुटपुटतात. नेपाळात त्याला संस्कार म्हणतात, इथे जपानात त्यावर उत्तर मिळतं, "नंतर कळवतो." दुकान, हॉटेल, पार्सलचं गोदाम, सगळे नंतर कळवणार होते. काम नाही तर भाषाशाळेची फी नाही, फी नाही तर व्हिसा नाही. पोरगा नुसता वाळत चालला होता.

मी त्याच्याच गावची. कुवाबारा मालकांच्या रामेनच्या दुकानात भांडी घासत घासत शेगडीपर्यंत पोचलेली. त्याच्या कामाचं मालकांच्या कानावर घातलं आणि तिलकला माझ्या खोलीत उभं करून ओरडायला शिकवलं.

"या, बसा! म्हण. पोटातून म्हण! गिऱ्हाईक बहिरं आहे असं समज."

"मेनुका दिदी, शेजारचा भिंत ठोकतोय."

"ठोकू दे मेल्याला. हस आता. दात दिसू देत, फाशीला चाललायस का?"

मुलाखतीच्या दिवशी तो स्टेशनबाहेर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, डोळे सुजलेले.

"बा गेले, दिदी. सकाळी फोन आला."

मी हात पुढे केला आणि मागे घेतला. आमच्यात सुतकातल्या मुलाला शिवत नाहीत. बाप गेला की मुलानं तेरा दिवस वेगळं बसायचं, स्वतः शिजवलेलं एकवेळ खायचं, तेही बिनमिठाचं. परतीचं तिकीट काढायची ऐपत त्याचीही नव्हती, माझीही नव्हती.

"अग्नी काका देणार आहेत," तो म्हणाला. "मी निदान मिठाचं तरी पाळतो."

मग मला बोलावंच लागलं. कुवाबारा मालक काम द्यायच्या आधी माणसाला समोर बसवून वाडगंभर रामेन खायला घालतात. जो आमचं खात नाही तो आमचं विकणार काय, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खारट रस्सा, त्यात नूडल, वर डुकराचं मांस.

"त्यांना सांगितलं तर?"

"कमरेत वाकतील. घरी जा, विश्रांती घे म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. पण उद्यापासून तुझ्या जागी दुसरं कुणीतरी उभं असेल. दुकान थांबत नाही रे."

मला त्या क्षणी मालकांचा, दुकानाचा, या अख्ख्या देशाचा संताप आला. तिलकनं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "चल."

आत शिरताच तो असा ओरडला की नूडल खाणारे दोघे दचकून वळले.

"अरे बापरे!" मालक खूश. "मेनुका, हा तर तुझ्यापेक्षा कर्कश आहे! बस, बस. आधी खा."

वाडगं समोर आलं. मी शेगडीकडे तोंड केलं. बघवेना. मागून फुरके ऐकू येत होते, आधी सावकाश, मग भराभर. वळून पाहिलं तेव्हा तो वाडगं दोन्ही हातांनी उचलून तळाचा रस्सा पीत होता.

"याला म्हणतात खाणं!" मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्यापासून ये."

तिलक दात दाखवून हसला, मी शिकवलं होतं तसाच.

बाहेर आलो. कोपऱ्यापर्यंत तो नीट चालला, मग दुकानाच्या पाठीमागे कचऱ्याच्या पिंपांशी खाली बसला. मला वाटलं, ओकणार. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यानं घेतली नाही.

"देव माफ करतो रे," मी म्हणाले. "तुझ्या बांना कळत असेल, तू कामासाठी खाल्लंस."

"पहिला घोट कामासाठी होता, दिदी." तो जमिनीकडे बघत पुटपुटला. "मग मला चव लागली."