लालासाहेबांचा आहेर

"आष्ट्याचे लालासाहेब मामा यांच्याकडून..." एवढं म्हणून आहेर पुकारणारा माणूस कर्ण्यात खाकरला. पुढचं त्यांच्या बायकोला, साळूबाईला, पाठच होतं. एक पातळ, एक खण, एक पितळी तांब्या. सकाळी तिनेच तर पिशवीत बांधलं होतं.

"...एक शिलाई मशीन!"

मांडवात टाळ्या पडल्या. साळूबाईचा बुंदीचा घास तोंडापर्यंत येऊन तिथेच थांबला.

झालं होतं ते असं. पाचच मिनिटांपूर्वी नवरीच्या, म्हणजे शालनच्या, चुलतमामाने, भाऊसोने, लोखंडी कपाट पुकारलं होतं. भाऊसोचं तिकडे कोइमतुरात सोनं गाळायचं दुकान, त्याला कपाट म्हणजे आपल्याला काडेपेटी. लालासाहेब मात्र सख्खे मामा. पलटणीत हवालदार होऊन पेन्शनीत निघालेले. पेन्शन एवढीशी, मिशा एवढ्या! ते ताडकन उठले आणि पुकारणाऱ्याच्या कानाशी लागले, हे साळूबाईने पाहिलं होतं. तिला वाटलं, पाणी मागत असतील.

घरात शिलाई मशीन एकच होती. साळूबाईची.

"आवं, कुठली मशीन?" विट्याच्या लग्नाहून परतताना तिने एस्टीत विचारलं.

"हळू बोल की. लोक ऐकत्यात."

"आन् कर्ण्यातनं वरडलं तवा लोक न्हवतं व्हय?"

"अगं, भाऊसोनं कपाट दिलं. सख्ख्या मामानं काय तांब्या द्यायचा? नाक ऱ्हायलं असतं का माझं?"

नाक! साळूबाईने त्या नाकाकडे नीट पाहून घेतलं. चांगलं लांब, तपकिरीने पिवळं झालेलं. गेल्या दोन वर्षांत या नाकाने घरात किलोभर साखर आणली नव्हती.

साल चौऱ्याहत्तर. साखर कार्डावर, रॉकेलला रांग, आणि डालडा फक्त दुकानदाराच्या मेव्हण्यांना. कालचा भाव आज सांगितला तर वाणी खो खो हसायचा. रेशनवर ती परदेशी लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापता थापता चिरायची आणि गिळता गिळता घशात बसायची. अशा दिवसांत साळूबाई अख्ख्या गल्लीची पोलकी, परकर आणि पोरींचे गणवेश शिवून वाण्याची उधारी उतरवत होती. लालासाहेबांची पेन्शन तालमीच्या कट्ट्यावर चहा पाजण्यात जायची, कारण हवालदाराने चहा पाजला नाही तर देशाची इज्जत जाते म्हणे. मशीन तिने हप्त्यांवर घेतलेली. लालासाहेबांचा तिला हातभार एकच. ती घरी आली त्या दिवशी त्यांनी नारळ फोडला, आणि खोबरंही त्यांनीच खाल्लं.

आठव्या दिवशी भरदुपारी दारासमोर गुळाचा ट्रक थांबला. नवऱ्यामुलाचे वडील नानासो वाईहून आहेर न्यायला आले होते. परत जाता जाता मशीन गुळावर टाकून न्यायचं त्यांनी ओळखीच्या ड्रायव्हरशी, कोंडीबाशी, ठरवलं होतं.

"या पाव्हणं, बसा," साळूबाई मशीनवरूनच म्हणाली. जून तोंडावर आला होता, गणवेशांचा ढीग पडला होता. "येवढी बाही जोडती आन् वाढती."

लालासाहेबांनी घाईघाईने फेटा बांधला. पाहुण्यांसमोर बोडक्याने कसं बसायचं? "अगं, पाव्हण्यास्नी पोळ्या कर गव्हाच्या!"

"करती की. गहू कुठं ठिवल्यात तेवढं दावा."

लालासाहेब फेट्याचा पीळ सारखा करू लागले.

तिने ताट आणलं. लाल भाकरी, डाळीचं कोरड्यास, कांदा. वाढलं आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली. नानासोंनी तुकडा मोडला, तोंडात फिरवला, पाण्याबरोबर उतरवला. भाकरीवरून त्यांची नजर गणवेशांवर गेली, तिथून मशीनवर.

"वैनी, ती खोक्यातली कुठाय?"

"कसली खोक्यातली?"

"न्हवं, शालनची. आहेराची. नवी."

"हीच की. येकच हाय आमच्यात."

मशीनचा पायटा चालूच होता. नानासोंनी राहिलेली भाकरी मात्र निमूट संपवली, एक कणही टाकला नाही. मग ताटातच हात धुतले.

"लालासाहेब, ऱ्हाऊ द्या. सूनबाईला सांगतो मी कायबाय."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण लालासाहेब!

"ऱ्हाऊ द्या कसं? चारशे माणसांत शबुद गेलाय माझा! ऊठ गं!"

"न्या की," साळूबाई म्हणाली. "मी कुठं धरून ठिवलीया?" पण ती उठली नाही. पाय पायट्यावर, बोटं बाहीवर.

मग लालासाहेब वाकले. मशीनच्या लोखंडी पायाची एक बाजू त्यांनी दोन्ही हातांनी धरली. बिडाचं ते धूड एकट्याने हलणारं नव्हतं.

"धरा नानासो, तिकडनं."

नानासोंनी चपला पायात सरकवल्या. "येतो वैनी," म्हणाले आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

"कोंडीबा! ए कोंडीबा! ये रं, हात लाव जरा!"

कोंडीबा दारापर्यंत आला. त्याने सुईखालची अर्धी बाही पाहिली, वाकलेले हवालदार पाहिले.

"मालक, गूळ इतळंल उन्हानं," तो म्हणाला आणि गेला.

ट्रक घरघरला, वळला, पेठेच्या अंगाला दिसेनासा झाला. लालासाहेब तसेच वाकलेले. आता सोडायचं म्हणजे सरळ उभं राहायचं, आणि सरळ उभं राहायचं म्हणजे बायकोच्या तोंडाकडे पाहायचं.

"फेट्याचा शेमला वर घ्या," साळूबाई म्हणाली. "सुईखाली येतोय."

त्यांनी एका हाताने शेमला वर घेतला. दुसरा हात लोखंडावरच होता. तिने बाही उलटी केली आणि दुसरी शिवण घातली.