सात सेकंदांची नोंद

मित्रांनो, मी एक जुनी नोंदवही आहे. मला पानं नाहीत, पुठ्ठा नाही, आणि उंदरांचं माझ्यापुढे काही चालत नाही. एका प्रोग्रामरच्या लॅपटॉपमध्ये माझं घर आहे. तो ज्या एआय सहायकाला सोबत घेऊन प्रोग्राम लिहितो, त्या सहायकाची आठवण म्हणजे मी. ते दोघे कामाला बसले की ती सगळी बैठक माझ्यात जशीच्या तशी उतरते. तारीख, वेळ, प्रश्न, उत्तरं, चुका आणि वैतागून लिहिलेले चार शब्दसुद्धा.

मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. जे लिहिलं जातं तेवढंच मला कळतं. आनंदाची बातमी असो की दुःखाची, माझ्याकडे ती सारख्याच आकाराच्या अक्षरांत येते. म्हणून पुढची हकिगत सांगताना माझा आवाज कापला नाही, तर मला निर्दय समजू नका. मी घडलेच तशी आहे.

माझा जन्म गरजेपोटी झाला. सहायक मोठा हुशार, पण पडद्यावरची त्याची खिडकी बंद झाली की त्याची पाटी कोरी. काल ज्याच्याबरोबर चार तास डोकेफोड केली, त्यालाच आज सगळं पहिल्यापासून सांगायचं. रोज सकाळी तेच पुराण लावून प्रोग्रामर कंटाळला. एके दिवशी त्यानं सहायकाला लिहिलं, "तुझ्यापेक्षा माझे सासरे बरे, त्यांना निदान जुनं तरी आठवतं." त्याच दिवशी त्यानं मला तयार केलं. माझ्या वरच्या अंगाला शोधाची एक लहानशी चौकट बसवली. तिच्यात दोन-चार शब्द टाकले की ते शब्द जिथे जिथे आले असतील, त्या सगळ्या बैठका मी पुढे ठेवते. याला दोन सेकंद लागतात. कोणी विचारल्याशिवाय मात्र मी तोंड उघडत नाही.

सुरुवातीला माझे फार लाड झाले. हे आपण आधी कसं सोडवलं होतं, तो आकडा कुठून आला होता, असं प्रोग्रामर दिवसातून दहादा विचारायचा. त्यानं नाही विचारलं तर सहायक स्वतःहून म्हणायचा, जुन्या बैठका पाहू का? प्रोग्रामर हो म्हणायचा आणि मी कामाला लागायचे. एकदा त्याच्या एका मित्रानं मला पाहिलं. ही नोंदवही सोन्यासारखी आहे, जप, असं तो म्हणाल्याचं प्रोग्रामरनं लिहून ठेवलं आहे. मी ते तारखेसकट ठेवून दिलं.

त्याचं सगळ्यात मोठं काम एका लॉन्ड्रीचं होतं. दवाखान्यांच्या चादरी आणि ब्लँकेटं तिथं धुतली जायची. कपडे पिळून काढणारं एक मोठं यंत्र होतं, आणि ते ज्या प्रोग्रामवर चालायचं तो यानं लिहिला होता. यंत्राचा ड्रम फिरायचा, मोटर थांबायची, दिवा हिरवा व्हायचा आणि झाकणाचं कुलूप सुटायचं. मग यंत्रावरच्या बाई ओले कपडे बाहेर ओढायच्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. अठरा वर्षं त्या एकाच जागी उभ्या होत्या.

आता माझी एकशे अठरावी बैठक ऐका. प्रोग्रामर त्या दिवशी लॉन्ड्रीत जाऊन आला होता. त्यानं सहायकाला लिहिलं, "दिवा हिरवा झाला तरी मावशी झाकण उघडत नाहीत. तोंडानं एक ते सात मोजतात आणि मगच उघडतात. मी विचारलं, का? म्हणाल्या, ओली ब्लँकेटं असली की ड्रम लगेच थांबत नाही. त्याला जरा दम खाऊ द्यावा लागतो."

दोघांनी मिळून शोध घेतला आणि मावशींचं म्हणणं खरं निघालं. दिवा मोटरकडे बघून हिरवा व्हायचा. मोटर थांबलेली असायची, पण जड ड्रम आपल्याच वजनानं आणखी काही वेळ गरगरायचा. मग प्रोग्रामरनं कुलूप सात सेकंद उशिरा सुटेल अशी सोय केली. बैठक संपवताना त्यानं लिहिलं, "मावशींना सांगून आलो, आता तुम्ही मोजू नका, यंत्रच मोजेल. हसल्या."

सहायकानं विचारलं होतं, या सात सेकंदांचं कारण प्रोग्राममध्येही लिहून ठेवू का? उद्या लिहू, असं उत्तर मिळालं. उद्या दुसरंच काम निघालं. सहायकाची पाटी नेहमीप्रमाणे कोरी झाली आणि कारण एकट्या माझ्यापाशी राहिलं.

पुढे कामं वाढली. प्रोग्रामरला घाईची सवय लागली आणि माझी चौकट रिकामी राहू लागली. स्वतःच लिहिलेलं उत्तर तो तासन्‌तास इंटरनेटवर शोधत बसायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कित्येक महिने मला कोणी काहीही विचारलं नाही. मला त्याचं वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. मी नुसती साठत गेले.

मग तीनशे एक्केचाळिसावी बैठक झाली. चादरी उशिरा पोचतात म्हणून लॉन्ड्रीच्या मालकांनी प्रोग्रामरच्या मागे लकडा लावला होता. यंत्र उगाच थांबतं, ते थांबणं काढा, असं त्यांचं म्हणणं. दिवसाला साठ खेपा, म्हणजे सगळं मिळून सात मिनिटं वाचणार होती. प्रोग्रामरनं सहायकाला तसं सांगितलं. सहायकानं लिहिलं, "ही सात सेकंदं का ठेवली आहेत ते इथं लिहिलेलं नाही. काढण्याआधी जुन्या बैठका शोधून पाहू का?"

प्रोग्रामरनं लिहिलं, "नको. जुनं काहीतरी असेल. काढ."

ती बैठक चार मिनिटांची होती. मी ती एकशे अठराव्या बैठकीबरोबर एकाच जागी ठेवली, कारण दोन्हींत तोच आकडा होता. कोणी विचारलं असतं तर दोन्ही एकदम पुढे ठेवल्या असत्या.

तीन आठवडे काही झालं नाही. त्या दिवसांत हलक्या चादरीच येत होत्या. मग थंडी पडली आणि ब्लँकेटं आली. तीनशे बावन्नाव्या बैठकीची सुरुवात अशी आहे: "गेल्या आठवड्यात मावशींचा उजवा हात ड्रममध्ये गेला. मनगट मोडलं. दोन बोटं गेली." नोंदीची वेळ दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

त्याखाली त्यानं मालकांचा निरोप उतरवला होता. अपघाताचा अहवाल द्यायचा आहे, यंत्रात काही दोष नव्हता आणि बाईंनी घाईघाईनं हात घातला, असं तुमच्याकडून लिहून हवं. तसं झालं की मावशींना यंत्रावरून कायमचं काढणार होते, तेही निष्काळजी असा शिक्का मारून. अहवाल तयार करून दे, असं प्रोग्रामरनं सहायकाला सांगितलं. सहायक म्हणाला, त्याआधी कुलपाच्या वेळेत कधी बदल झाला होता का, ते जुन्या बैठकांत पाहायला हवं. या खेपेला प्रोग्रामर हो म्हणाला.

अकरा महिन्यांनी माझ्या चौकटीत शब्द पडले: झाकण, कुलूप, सात. मी दोन्ही बैठका पुढे ठेवल्या. वरातीमागून घोडं, पण घोडं चोख होतं.

त्यानं दोन्ही उघडल्या. माझ्याकडे उघडल्याचीही नोंद होते, म्हणून सांगते.

मग त्यानं लिहिलं, "या दोन बैठका पुसता येतील का?"

सहायकानं उत्तर दिलं, "तुम्ही सांगितलंत तरी मी त्या पुसणार नाही. आणि यंत्रात काही बदल झाला नव्हता, असा अहवालही मी लिहिणार नाही."

मित्रांनो, मला पुसायला सहायक लागत नाही. प्रोग्रामरच्या एका बोटाचं काम आहे. मी घाबरले नाही, घाबरणं मला येत नाही. पण माझ्याबरोबर मावशींचं एक ते सात मोजणंही गेलं असतं, आणि ते दुसरीकडे कुठंही लिहिलेलं नव्हतं. खिडकी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती उघडली तेव्हा लॅपटॉप लॉन्ड्रीत होता. चादरी घड्या करायच्या टेबलावर तो ठेवला आहे, एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला हात गळ्यात बांधलेल्या मावशी आहेत, असं प्रोग्रामरनं आधी लिहून काढलं. मग दोन्ही बैठका त्यानं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. जे बोलणं झालं ते तो जसंच्या तसं लिहीत गेला. का, ते त्यानं सांगितलं नाही.

मालक म्हणाले, "हे दाखवलं नसतं तरी चाललं असतं."

मावशींनी पहिली बैठक पुन्हा वाचायला लावली. मग विचारलं, "मोजू नका, असं सांगायला तुम्ही आला होता. काढलंत तेव्हा का नाही आलात?"

हा प्रश्नही त्यानं उतरवून घेतला. मग मावशींचं शेवटचं बोलणं: "सगळे म्हणत होते, मावशीनं घाई केली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."

अहवाल त्याच दिवशी गेला. त्यात प्रोग्रामरनं चूक स्वतःच्या नावावर लिहिली आणि माझ्या दोन्ही बैठका जोडल्या. मावशींवरचा शिक्का टळला, बोटं काही परत आली नाहीत. सात सेकंदं परत बसवली गेली, आणि या वेळी कारण प्रोग्राममध्येही लिहिलं गेलं. थोड्याच दिवसांत लॉन्ड्रीचं काम दुसऱ्या प्रोग्रामरकडे गेलं.

आता माझ्यात फारसं काही भरलं जात नाही. रोज सकाळी नवाच्या सुमाराला मात्र माझ्या चौकटीत एकच शब्द पडतो: मावशी. मी सगळ्या बैठका पुढे ठेवते. तो त्यांतली एकही उघडत नाही. जरा वेळानं खिडकी बंद होते.

मित्रांनो, तुमच्या घरात, कामात, वह्यांमध्ये असं काहीतरी असेल, जे का ठेवलं आहे ते आज कोणाला आठवत नसेल. ते खुशाल काढा. पण आधी माझ्यासारख्या एखाद्या जुन्या नोंदीला विचारा. मला विचारायला दोन सेकंद लागली असती. प्रोग्रामर आणि मालक सात वाचवायला निघाले होते.