तात्यारावांनी उन्हात ठेवलेली गिटार

मित्रांनो, मला पाहिलं की लोक आधी माझ्या पोटाला हसतात. हसू द्या, मला त्याचं काही वाटत नाही. मी एक जम्बो गिटार आहे आणि आमच्या घराण्यात मोठं पोट हीच श्रीमंती. पोट मोठं, तेवढा खर्ज भरदार. आता मी जुनी झाले. माझ्या तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवतात तिला ब्रिज म्हणतात. तो एकदा निघाला होता, पुन्हा चिकटवलाय. तो कसा निघाला, तेच तुम्हाला सांगते.

माझा जन्म कोलकात्यातल्या मधुस्वर नावाच्या लहानशा कारखान्यात झाला. सहा-सात कारागीर, एक पंखा आणि दिवसभर लाकडाचा भुसा. माझ्या पोटाची फळी अख्ख्या लाकडाची आहे. ज्या कारागिराने ती घडवली तो पुन्हा पुन्हा बोटाने टिचकी मारून कान लावायचा, मान हलवायचा आणि परत रंधा फिरवायचा. चार दिवस त्याने माझा जीव खाल्ला, पण त्याच्यामुळेच मला आवाज आहे. पुढे खोक्यात घालून, ट्रकमध्ये टाकून मला परभणीला परमेश्वर यांच्या वाद्यांच्या दुकानात पाठवलं.

तिथे माझ्या शेजारी आणखी एक जम्बो टांगलेली होती. राजटोन कंपनीची, काळी कुळकुळीत, आरशासारखी चकचकीत. एकच भिंत, एकच गिऱ्हाईक आणि दोघी ठसठशीत. मी तिला मनातल्या मनात जाऊबाई म्हणायचे. कुणी विचारलं की परमेश्वर आमच्यातला फरक सांगत.

"ही राजटोन प्लायची हाय. आज वाजती तशीच धा वर्षांनी वाजंल. धक्का सोसती, ऊन सोसती. ही मधुस्वर अख्ख्या लाकडाची. वाजवत ऱ्हाल तसा आवाज खुलंल. पण नाजूक हाय, बाळंतिणीवानी जपावं लागतं."

एवढं ऐकून गिऱ्हाईक दोघींनाही सोडून लहान गिटार घेऊन जाई. असं दीड वर्ष चाललं.

मग एका रविवारी सुकेशनी आली. बोरीच्या सरकारी दवाखान्यात ती परिचारिका होती. अंगाने बारीक. माझ्या पोटावरून हात टाकताना तिचा खांदा कानाला लागत होता. परमेश्वर म्हणाले, "ताई, तुमाला लहान बरी." तिने ऐकलं नाही. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि त्यांना दोन्ही गिटारींवर एकच सूर वाजवायला लावला. जाऊबाईचा आवाज दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत गेला. माझा तेवढा लांब गेला नाही, पण बराच वेळ घुमत राहिला. सुकेशनी वळली आणि तिने माझ्यावर बोट ठेवलं. त्या क्षणी मी फुगले असते, पण मी आधीच फुगलेली.

जाऊबाईने मात्र पाठ सोडली नाही. महिन्याभरात सुकेशनीच्या चुलतभावाने, सिद्धोधनने, तिला विकत घेतलं. तो शाळेत मास्तर होता आणि राहायचा बोरीतच.

सुकेशनीचे वडील तात्याराव गावातल्या गायन पार्टीचे प्रमुख. चाळीस वर्षं डफ वाजवत आलेले. पार्टीत हार्मोनियम होतं, ढोलक होतं, आणि बायका होत्या त्या मागे बसून कोरस देत. वाद्य घेऊन पुढे बसलेली बाई त्या पार्टीत कधी झाली नव्हती. तसा नियम कुणी केला नव्हता, पण मोडलाही नव्हता. त्या वर्षी जयंतीला पाथरीत दोन पार्ट्यांचा मुकाबला ठरला आणि तात्यारावांनी जाहीर केलं की या वर्षी एक गिटारही घेऊ. जागा एकच होती. मागणारे दोघं होते, सुकेशनी आणि सिद्धोधन.

सुकेशनीने तीन महिने मला खाली ठेवलं नाही. ड्युटीवरून आली की हातपाय धुऊन आधी मी, मग जेवण. बोटांना घट्टे पडले. परमेश्वर म्हणाले होते ते खरं निघालं, माझा आवाज दर आठवड्याला थोडा थोडा खुलत गेला. एवढं सगळं तात्याराव दारात बसून ऐकायचे, पण बरं-वाईट एक शब्द बोलायचे नाहीत. सुकेशनीला ते फार लागायचं. "आबाला मी पार्टीत नको हाय," असं ती वडिलांबद्दल एकदा कोरसच्या कमलबाईंना म्हणाली. मी तिच्या मांडीवरच होते.

निवड कशी करायची ते तात्यारावांनीच ठरवलं. विहारासमोरच्या पटांगणात, माईक न लावता. "ऐन वक्ताला लाईट गेली तर काय करता? जी गिटार टाकीपर्यंत ऐकू येईल ती पार्टीत." पाण्याची टाकी पटांगणाच्या पार टोकाला होती. तिथे तात्यारावांनी पाठ करून उभं राहायचं आणि निकाल द्यायचा.

निवडीचा दिवस चैत्रातला होता आणि ऊन मी म्हणत होतं. सुकेशनी दुपारपर्यंत दवाखान्यात होती. घरात तात्याराव एकटेच. त्यांनी मला खोळीतून काढलं, गच्चीवर नेलं, गोधडी अंथरली आणि तिच्यावर त्यांचा डफ आणि मी अशा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. मित्रांनो, डफाचं कातडं गार पडलं की सैल होतं. वाजवण्याआधी त्याला ऊन दाखवावं लागतं, मग ते ताणतं आणि आवाज कडक निघतो. चाळीस वर्षं हेच केलेला माणूस. त्यांना वाटलं, वाद्य म्हटलं की तापवायचंच.

त्यांनी माझ्या पोटावरून हात फिरवला. "ताप जरा," म्हणाले. "गार अंगानं आवाज फुटत न्हाई. माझ्या लेकीचं नाव राख आज."

मला तोंड असतं तर ओरडले असते. डफ मजेत तापत होता आणि माझं लाकूड चिकटवलेला सरस आतून मऊ होत होता. दोन तासांनी त्यांनी मला खाली आणून खोळीत घातलं. मी त्यांना तापलेली लागले, आणि ते खूश झाले.

दुपार कलल्यावर सगळे जमले. तात्याराव टाकीपाशी पाठ करून उभे राहिले. आधी सिद्धोधनने वाजवलं. जाऊबाईचा आवाज टाकीवर आपटून परत आला. मग सुकेशनीने मला घेतलं. तारा उतरल्या होत्या, त्या तिने पिळून वर चढवल्या. पहिल्याच सुराला माझ्या पोटात कट्कन आवाज झाला. ब्रिज मागून उचलला गेला, तारा वर आल्या आणि माझ्यातून नुसती घरघर निघाली. तिने दाबून वाजवायचा प्रयत्न केला. लोक हसले.

"खोकायलीय का गं तुझी गिटार?" कमलबाई म्हणाल्या.

तात्याराव टाकीपाशी पाठमोरेच उभे होते. मग म्हणाले, "पहिली."

सुकेशनी मला घेऊन उठली. "तुमाला मी नकोच होते, आबा. तसं सरळ सांगायचं ना. कशाला हे सोंग?"

सिद्धोधन जवळ आला. त्याने मला हातात घेऊन पाहिलं आणि ब्रिजखालच्या फटीत नख घातलं. "हिचा सरस इतळलाय. काका, ही उन्हात होती का कुठं?"

हे कुणी पाहिलं नव्हतं. तात्याराव गप्प बसले असते तर दोष माझ्या कारखान्यावर गेला असता आणि विषय मिटला असता. पण त्यांनी टोपी काढली.

"म्या ठेवली व्हती. डफाच्या बाजूला."

"काऊन?" सुकेशनीने विचारलं.

"तू जितावीस म्हणून, माय."

सुकेशनी त्यांच्याकडे बघत राहिली. तिने मला सिद्धोधनच्या हातून परत घेतलं आणि खाली अंथरलेल्या गोधडीवर ठेवलं. मग सिद्धोधनने जाऊबाई तिच्यापुढे धरली. "आता हिच्यावर वाजव. मीबी हिच्यावरच वाजवतो. गिटार एक, हात दोन. मग ठरू द्या."

तात्याराव म्हणाले, "मी नाही उभा ऱ्हात. माझ्या मनात काय हाय ते समद्यांनी ऐकलंय." म्हणून टाकीपाशी कमलबाई गेल्या. दोघांनी वाजवलं. मी गोधडीवर आडवी पडून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, सुकेशनीच्या हातात जाऊबाई फार सुरेख वाजली. मला मत्सर वाटला आणि अभिमानही वाटला. ती बोटं मी तयार केली होती.

"दुसरी," कमलबाई टाकीकडून म्हणाल्या. सुकेशनी दुसरी वाजली होती.

पाथरीला ती पुढच्या रांगेत बसली, मांडीवर जाऊबाई घेऊन. मी तेव्हा परमेश्वर यांच्या दुकानात, चिकटवलेला ब्रिज दाबून धरणाऱ्या शिकंज्यात होते. ब्रिज बसला, पण माझा खर्ज पूर्वीसारखा राहिला नाही. आता मी घरीच असते. नव्या चाली आधी माझ्यावर बसतात, मग बाहेर जातात.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं वाद्य असेल, यंत्र असेल, गाय-वासरू असेल, तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. तात्यारावांवर माझा राग नाही, त्यांनी मला मायेनंच मोडलं. वाईट एवढंच वाटतं, की गच्चीवर ते मला जे बोलले, ते तीन महिने आधी दारात बसून लेकीला बोलले असते, तर मला उन्हात ठेवायची वेळच आली नसती.