न उघडणारी ‘आमची गोष्ट’

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. लाकडाची नव्हे, पत्र्याची नव्हे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरांच्या वेबसाइटवरची. माझ्यावर ‘आमची गोष्ट’ असं लिहिलं आहे. ‘दुरुस्ती’, ‘वेळ’ आणि ‘पत्ता’ या माझ्या शेजारणी.

आम्हा चौघींना कारागिरांच्या लेकीने एका रविवारी दुपारी घडवलं. ती त्यांना बाबा म्हणते, म्हणून आम्हीही बाबाच म्हणतो. तिघींना तिने आपापलं पान जोडून दिलं. माझं पान मात्र तयार नव्हतं. “बाबा, तुम्ही लिहून द्या, मग जोडते,” असं म्हणून तिने मला नुसतंच टांगून ठेवलं. शेजारणींवर माउसचा बाण आला की त्याचा हात होतो, आणि दाबलं की पान उघडतं. माझ्यावर मात्र बाण बाणच राहायचा. ‘पत्ता’ दिवसातून वीसदा उघडायची आणि वर मला म्हणायची, “तुझं बरं आहे बाई, नुसतं बसायचं.” माझा जीव तिळतिळ तुटायचा.

बाबांनी आठवडाभरात गोष्ट लिहून दिली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर, बारीक अक्षरात, सात पानं. लेक म्हणाली, “ठेवा प्रिंटरवर, उद्या टाइप करते.” तो उद्या काही उजाडला नाही. कागदांवर आधी एक वही आली, मग इस्त्रीचे कपडे.

रोज दुकान बंद करताना बाबा जाड चष्मा सावरत मला दाबून बघायचे. बंद घड्याळाचा काटा हलतो का हे बघावं, तसे थांबायचे. “माझंच काहीतरी चुकत असेल,” म्हणायचे. लेक कामावरून दमून यायची, तिला पुन्हा विचारायचा त्यांना संकोच वाटे. चूक तुमची नाही हो, असं मला ओरडून सांगावंसं वाटायचं. पण पाट्यांचं बोलणं माणसांना ऐकू जात नाही.

पुढे बाबांची नजर अधू होत गेली. आधी बारीक स्क्रू दिसेनासे झाले, मग पडद्यावरची अक्षरंही. एक दिवस सवयीने त्यांनी माउस हाती घेतला आणि शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं, “बघ गं, आज तरी बाणाचा हात होतोय का?”

“कशावर, बाबा?”

“आमच्या गोष्टीवर. रोज दाबतो मी. तुझ्या आईचं सगळं त्यात लिहिलंय.”

लेकीने कपड्यांखालचे कागद काढले, टाइप करत न बसता त्यांचे फोटो घेतले आणि त्याच दिवशी माझं पान जोडलं. मग बाबांचं बोट माउसवर ठेवलं. मी उघडले. त्या एका दाबण्याची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि ज्यांच्यासाठी पाहिली त्यांना आता पान दिसत नव्हतं.

“उघडलं?”

“उघडलं.”

ती मोठ्याने वाचू लागली. घड्याळ उघडायला बाबांना आईनेच शिकवलं होतं, हे तिला तेव्हा कळलं. तिने तेच वाक्य पुन्हा वाचलं, तसे बाबा म्हणाले, “सावकाश वाच. अजून चार पानं आहेत.”

आता माझ्यावरही बाणाचा हात होतो. तरी मला वाटतं, एकदा त्यांनी माझं पान उघडलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. मित्रांनो, तुम्ही कधी पाटी लावलीत, तर तिच्यामागचं पान त्याच दिवशी जोडा. जमणार नसेल, तर पाटी लावू नका. माणूस किती दिवस दाबत राहतो, ते मी पाहिलं आहे.