‘तपासली, सोडावी’

मी शिक्का बोलतोय. लाकडी मुठीचा, खाली गोल रबराचा. माझ्यावर दोनच शब्द कोरलेले आहेत, ‘तपासली, सोडावी’. नारिन शहराच्या पलीकडे, डोंगरातल्या एका बस आगारात मी सतरा वर्षं काढली. सकाळी गाडीच्या कागदावर मी उमटलो की मगच पहारेकरी फाटक उघडायचा.

बिश्केकमधल्या एका तळघरातल्या दुकानात माझा जन्म झाला. घडवणाऱ्यानं मला जुन्या वर्तमानपत्रावर दाबून पाहिलं, अक्षरं जुळली म्हणून मान हलवली आणि कागदात गुंडाळलं. कशाकशाला आपण ‘तपासली’ म्हणणार, हे त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

माझा पहिला धनी एस्तेबेस, आगाराचा मुख्य मेकॅनिक. बोलायला रुक्ष, पण कान तिखट. बर्फातसुद्धा तो नमद्याचा, जाड दाबलेल्या लोकरीचा, तुकडा अंथरून गाडीखाली सरकायचा, ब्रेकच्या नळ्यांना कान लावायचा, मग बाहेर येऊन, गाडीच्या दारावरच कागद धरून मला दाबायचा. टेबलाशी बसून त्यानं मला कधी वापरलं नाही.

एकदा त्याच्या नजरेतून एक झिजलेलं टायर सुटलं. गाडी गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पुढच्या गावी फोन करून बस थांबवली आणि चाक जीपमध्ये टाकून स्वतः गेला. दुसऱ्या दिवशी सगळे ड्रायव्हर चहाला जमले असताना म्हणाला, “काल माझी चूक झाली. ओमोरची गाडी मी न बघता सोडली.” कुणी विचारलंही नव्हतं. त्या दिवसापासून ड्रायव्हर स्वतःच्या चुकाही त्याला येऊन सांगू लागले. त्यासाठी आगारात कसली पाटी लावावी लागली नाही.

पाट्या लागल्या त्या शामशी साहेब आल्यावर, ‘वेळ पाळा’ अशा. नवे आगारप्रमुख, वयानं लहान, कोट नेहमी इस्त्रीचा. रोज अकराच्या अकरा गाड्या वेळेवर निघाल्या पाहिजेत, हा त्यांचा आकडा. तो वर कळवायचा असे. माणूस दुष्ट नव्हता, पण गाडीखाली काय असतं ते त्यांनी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

नौरूझच्या आदल्या दिवशी एस्तेबेसनं सात नंबरची गाडी अडवली. ब्रेकची हवा सुटत होती. साहेबही त्याला सगळ्यांसारखं ‘बाइके’, म्हणजे दादा, म्हणत. ते म्हणाले, “बाइके, काल हीच गाडी घाट उतरून आली ना?”

“काल मला ऐकू आलं नाही. आज आलं.”

“बाहेर सणाला निघालेली चाळीस माणसं उभी आहेत. त्यांना तुम्हीच सांगा मग.”

एस्तेबेस बाहेर गेला आणि त्यानं सांगितलं. लोकांनी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. एक म्हातारी तर म्हणाली की, आता तूच मला पाठीवर बसवून लेकीकडे ने. तो मान खाली घालून ऐकत राहिला, पण गाडी सोडली नाही.

साहेबांना हे लागलं. मग रोज खटके उडू लागले. एके दिवशी ते म्हणाले, “शिक्का आगाराचा आहे, तुमच्या खिशाचा नाही.” एस्तेबेसनं मला खिशातून काढलं, टेबलावर ठेवलं आणि राजीनामा लिहून तो निघून गेला. तो दारातून मागे वळेल असं मला वाटलं होतं. तो वळला नाही.

साहेबांनी मला झिपारच्या हातात दिलं. ही एस्तेबेसच्या हाताखाली सात वर्षं शिकलेली, कामात चोख. घरी अंथरुणाला खिळलेली आई आणि दोन मुली. साहेब तिला मायेनं म्हणाले, “तुला काही खोटं करायचं नाही. फक्त वेळेत करायचं.”

पहिले काही आठवडे ती गाडीखाली जायची. मग नुसतं बॉनेट उघडायची. मग खिडकीतूनच विचारायची, “ठीक आहे ना?” आणि एका शनिवारी साहेबांनी पुढच्या आठवड्याचे कोरे कागद आणून तिच्यासमोर ठेवले. पहिल्या कागदावर तिचा हात थांबला. चौथ्यावर थांबला नाही. मी काय करणार? मला दुसरा शब्द येत नाही. खरं सांगणाऱ्याच्या हातात मी जे बोलतो, तेच खोटं सांगणाऱ्याच्याही हातात बोलतो.

त्या बुधवारी सात नंबरचा ओमोर तिच्याकडे आला. ब्रेकचं पेडल मऊ लागतंय, म्हणाला. झिपार साहेबांकडे धावली. साहेब म्हणाले, सुटे भाग सोमवारी येणार आहेत, तोवर ओमोरला हळू चालवायला सांग. ती परत आली तेव्हा ओमोरच्या हातात कागद होता, त्यावर मी शनिवारीच उमटलेलो. त्यानं तिच्याकडे पाहिलं. “जाऊ दे पोरी, मी सांभाळून घेतो,” म्हणाला.

त्यानं खरोखरच सांभाळलं. घाटाच्या उतारावर ब्रेक गेले तेव्हा त्यानं गाडी दरीकडे जाऊ दिली नाही. आतल्या बाजूच्या कड्यावर घातली, स्वतःच्या बाजूनं. एकोणतीस प्रवासी वाचले. ओमोर गेला.

चौकशीत मी टेबलावर पुरावा म्हणून पडलो होतो. साहेब शांतपणे म्हणाले की, न तपासता शिक्का मार असं मी कुणाला सांगितलेलं नाही. आणि खरंच, या शब्दांत त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं.

एस्तेबेस न बोलावता आला होता. तो उठून म्हणाला, “हा शिक्का माझ्याकडे होता. मी रागानं टेबलावर टाकून गेलो. मला वाटलं, माझे हात स्वच्छ राहिले. मी तिथंच उभं राहायला हवं होतं. माझं नावही लिहा.”

“नको बाइके,” झिपार म्हणाली. “दाबला मी. लिहायचं तर माझं लिहा.”

अधिकाऱ्यानं तिचं लिहिलं. एस्तेबेसचं लिहायला कागदावर रकानाच नव्हता. झिपारला तीन वर्षांची शिक्षा झाली. तिची आई आणि मुली आता एस्तेबेसच्या घरी राहतात. शामशी साहेबांची बदली मोठ्या आगारात झाली.

मी पोलीस ठाण्याच्या कपाटात, पिशवीत आहे. शाई वाळली, रबराला चिरा पडल्यात. आगारात नवा शिक्का आला असेल. तो ज्याच्या हाती असेल त्याला माझी एकच विनवणी आहे, बाबा, घाई करणारा माणूस शेजारी उभा असला तरी तुझा हात तुझाच राहू दे. आम्हा शिक्क्यांना हात मागे घेता येत नाही.

परवा ओमोरची बायको बुरूल त्याच्या वस्तू न्यायला आली होती. हवालदारानं घड्याळ दिलं, टोपी दिली आणि सही घेण्यासाठी फाइल उघडली, त्यात गाडीचा तो शनिवारी शिक्का मारलेला कागद होता. तिनं निळ्या गोलावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

हवालदार जरा घुटमळला. मग म्हणाला, “गाडी तपासल्याची खूण.”

ती बराच वेळ माझ्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

“किती स्वच्छ उमटलीय,” ती म्हणाली.