बोर्ड दादाचा, रॅम धाकट्याची

"त्याला सांग, त्याच्या गिऱ्हाइकाची स्कूटर माझ्या दारातून हलव म्हणावं," दादा म्हणाला.

'तो' म्हणजे आमचा धाकटा भाऊ, प्लायवुडच्या भिंतीपलीकडे बसलेला. दादाचा आवाज त्याला लख्ख ऐकू गेला होता. तरीही मी हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवला, मागच्या खोलीच्या दुसऱ्या दाराने त्याच्याकडे गेले आणि निरोप पोचवला.

"त्याला म्हणावं, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" धाकटा म्हणाला.

बाप दोघांचा एकच, हे मी बोलून दाखवलं नाही. हाही निरोप पोचवला. मी काय करते असं कुणी विचारलं तर मी कॉम्प्युटर जोडते म्हणून सांगते, पण खरं काम हे.

सहा वर्षांपूर्वी वडील गेल्यावर दुकानाची वाटणी झाली, तेव्हा या दोघांनी माल निम्मा निम्मासुद्धा केला नाही. तेवढं समोरासमोर बसणं त्यांच्याच्याने होईना. मदरबोर्ड आणि प्रोसेसर दादाकडे, रॅम आणि डिस्क धाकट्याकडे, मधे प्लायवुड, आणि मागच्या खोलीत मी. गिऱ्हाईक एका दारातून बोर्ड घेतं, दुसऱ्या दारातून रॅम, आणि सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं. जुन्या आणि नव्या रॅमच्या पट्टीची खाच वेगवेगळ्या जागी असते. नवी पट्टी जुन्या बोर्डात बसत नाही, जुनी नव्यात बसत नाही. म्हणून दादाने कुठला बोर्ड खपवला हे धाकट्याला कळावं लागतं, आणि ते कळायचं ते माझ्याच तोंडून. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, आणि एकाशिवाय दुसऱ्याचं दुकान चालत नाही. वहिन्या म्हणतात, ताई आहेत म्हणून निभतंय. हे ऐकून मला बरं वाटायचं, हा माझा मूर्खपणा.

मागच्या आठवड्यात फर्निचर बनवणाऱ्या एका बाईंनी मला काम देऊ केलं. गिऱ्हाइकाच्या घराचं माप घ्यायचं आणि त्यात कपाटं, ओटे, पलंग बसवून कॉम्प्युटरवर चित्र करून दाखवायचं. काम घरून. माझं जुनं मशीन अशी एक खोली उघडतानाच धापा टाकायचं. बाई सरळ म्हणाल्या, "सोमवारी सुरू करणार असाल तर तुम्ही. नाहीतर दुसरी एकजण तयार आहे."

मी भावांना सांगितलं, आता तुमचा माणूस तुम्ही बघा. दादाकडे नव्या रॅमचा, चार स्लॉटचा बोर्ड मागितला. धाकट्याकडे नव्या रॅमच्या दोन मोठ्या पट्ट्या. काम वाढलं की उरलेले दोन स्लॉट भरता येतील, असा माझा हिशोब. फुकट काही नको होतं.

"जायचं तर जा. आमचं काही अडत नाही," दादा म्हणाला.

"तुला पटेल ते कर, ताई," धाकटा म्हणाला.

दोघंही इतक्या गोडीने बोलले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शनिवारी सकाळी दोन्ही खोकी टेबलावर होती. रॅम नवी होती. बोर्ड जुन्या रॅमचा. पट्टी नुसती टेकवून पाहिली, खाच चुकली.

"दादा, हा जुना बोर्ड आहे."

"नवे संपले."

"काल तुझ्या कपाटात तीन होते."

"गेले," तो मान वर न करता म्हणाला. "त्याच्याकडून जुनी रॅम घे. चित्रंच तर काढायचीत."

धाकट्याकडे गेले. जुनी तर जुनी, सोमवार गाठायचा होता.

"जुनी संपली, ताई."

"अरे, काल संध्याकाळी मी स्वतः डबा भरून ठेवलाय."

"नाही म्हणजे नाही. त्याला सांग, नवा बोर्ड दे म्हणून."

मला आता आणखी एक फेरी मारायची नव्हती. मी त्याला बाजूला सारलं आणि डबा शोधायला काउंटरखाली वाकले. डबा नव्हता. तिथे दादाचे तीन नवे बोर्ड होते, खोक्यांवर दादाच्या हातच्या चिठ्ठ्या. सहा वर्षांत दादाचा एक स्क्रूसुद्धा माझ्या हाताशिवाय या बाजूला आला नव्हता.

"हे इथे कसे?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं.

"मी काल फोन केला त्याला," दादा म्हणाला. "त्याची जुनी रॅम माझ्याकडे आहे. ज्याचा माल त्याच्याच दुकानात तू शोधणार, हे माहीत होतं."

मग तो माझ्या खोलीतून थेट इकडे आला आणि धाकट्याशेजारी उभा राहिला. "तू गेलीस की दोन्ही दुकानं बसतील. कळतंय का काही?"

"आणि तू ऐकतेस कुणाचं?" धाकटाही एका दमात त्याच्यामागे. "काय करणार होतो आम्ही?"

आम्ही! आई हे ऐकायला तडफडत गेली. त्या दोघांनी एकत्र उभं राहावं म्हणून मी लग्नाचं वय, डोळे, पाठ, सगळं त्या खोलीत घातलं. ते उभे राहिले, पण माझ्याविरुद्ध.

"तुझ्या भल्यासाठीच गं," दादा जरा नरमला. "बाहेरची कामं आज आहेत, उद्या नाहीत."

"माझं भलं तुम्हाला फोनवर ठरवता येतं," मी म्हणाले, "आणि स्कूटरचा निरोप माझ्या तोंडून पाठवता?"

तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण रागापेक्षाही जास्त लागलं ते हे, की त्यांना बोलता येत होतं. कधीही येत होतं. गरज पडली आणि त्यांनी फोन उचलला. इतकी वर्षं गरज पडली नाही, कारण मी होते.

"बरं, घे एक बोर्ड," धाकटा खोकं पुढे करत म्हणाला. "राग सोड."

मी खोकं घेतलं नाही. पर्स घेतली आणि निघाले. मागून दोघांनी एकदमच हाक मारली.

पुढच्या गल्लीतल्या दुकानदाराचं आणि आमचं कधी पटलं नाही. मला बघून तो उठूनच उभा राहिला. "ताई, तुम्ही? तुमच्याकडे नाही का?"

"नाही," मी म्हणाले. चार स्लॉटचा बोर्ड बघितला, रॅमच्या दोन पट्ट्या बघितल्या. दोन्ही एकाच काउंटरवर मिळत होतं, त्याचंच मला अप्रूप वाटलं. त्याने दोन्ही एका पिशवीत घातलं.

"बिल कुठल्या दुकानाच्या नावे करू? मोठ्या भावाच्या की धाकट्याच्या?"

"माझ्या."

तो पेन धरून थांबला. मग ओशाळून म्हणाला, "ताई, तुमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं, आणि तो लिहीपर्यंत काउंटरपाशी उभी राहिले.